विमानप्रवास भरपाई

विमानप्रवास भरपाई : नियोजित उड्डाण रद्द झाल्यास, त्यास ठरावीक मर्यादेपलीकडे विलंब झाल्यास अथवा तिकीट असूनही विमानात प्रवेश नाकारला गेल्यास विमान कंपनीने प्रवाशाला द्यावयाची रक्कम. व्यवहारात हा शब्द सैलपणे वापरला जातो व त्यामुळे तीन भिन्न हक्कांची गल्लत होते. पहिला हक्क देखभालीचा, म्हणजे ताटकळलेल्या प्रवाशाला अन्नपाणी व गरज पडल्यास रात्रीचा निवारा मिळण्याचा. दुसरा हक्क परताव्याचा. न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळणे किंवा त्याऐवजी दुसऱ्या उड्डाणाने जाता येणे, हा त्याचा आशय होय. तिसरा हक्क खऱ्या अर्थाने भरपाईचा. वाया गेलेला वेळ व सोसावा लागलेला त्रास यांबद्दल भाड्याव्यतिरिक्त मिळणाऱ्या रकमेचा. पहिले दोन हक्क कारण कोणतेही असले, तरी बहुधा टिकून राहतात; तिसरा मात्र कारणावर अवलंबून असतो. धुक्यामुळे उड्डाण रद्द झाले, तर भरपाई मिळत नाही, पण म्हणून जेवण नाकारता येत नाही वा भाडे ठेवून घेता येत नाही.

आंतरराष्ट्रीय करार : हवाई वाहकाच्या उत्तरदायित्वाविषयीचा पहिला महत्त्वाचा करार १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झाला. प्रवासी, सामान व माल यांच्या वाहतुकीतील विलंबामुळे होणाऱ्या हानीस वाहक जबाबदार राहील, असे त्याच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात एका वाक्यात म्हटले आहे. मात्र किती उशीर झाला म्हणजे त्यास विलंब म्हणावयाचे, हे करारात कोठेही सांगितलेले नाही. हानी टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजले होते, असे वाहकाने सिद्ध केल्यास तो जबाबदारीतून मुक्त होतो. भारतात हा करार १९३४ च्या अधिनियमाने लागू झाला व त्याची जागा पुढे १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाने घेतली. वॉर्सा कराराची सुधारित आवृत्ती म्हणता येईल असा माँट्रिऑल करार २८ मे १९९९ रोजी झाला व ४ नोव्हेंबर २००३ पासून अंमलात आला. १९७२ च्या अधिनियमात २००९ साली दुरुस्ती करून भारताने तो स्वीकारला.

माँट्रिऑल करारान्वये विलंबाबद्दल प्रत्येक प्रवाशामागे असलेली दायित्वाची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ विशेष आहरण अधिकार एवढी आहे. ही कमाल मर्यादा असून ठरलेला दर नव्हे. प्रवाशाला प्रत्यक्ष झालेली हानी, उदा., हॉटेलचे बिल किंवा वाया गेलेले पुढचे तिकीट, पुराव्यानिशी दाखवावी लागते. दंडात्मक स्वरूपाची रक्कम करारान्वये मागता येत नाही. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. शिवाय करार विलंबाविषयी बोलतो; उड्डाण मुळात झालेच नाही, तर काय, याविषयी तो मौन पाळतो. ज्याचा अर्धा दिवस विमानतळाच्या बाकावर गेला, परंतु खिशातून फारसे काही गेले नाही, अशा सामान्य प्रवाशाच्या पदरी या करारातून जवळजवळ काहीच पडत नाही. हानी सिद्ध करण्याची अट न घालता ठोक रक्कम देण्याची पद्धत रूढ होण्यामागे हे महत्त्वाचे कारण आहे.

या ठोक रकमेचा उगम विलंबात नसून प्रवेश नाकारण्याच्या प्रथेत आहे. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, या अनुभवावरून कंपन्या आसनसंख्येपेक्षा अधिक तिकिटे विकतात. अंदाज चुकला, की कोणाला तरी मागे ठेवावे लागते. अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्यावर १९७२ मध्ये हा प्रसंग आला व त्यांनी दावा लावला. जादा तिकीटविक्रीची माहिती प्रवाशापासून लपविल्याबद्दल असा दावा चालू शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले. मोबदला घेऊन आपखुशीने आसन सोडणारे प्रवासी आधी शोधावेत, हा नियम त्यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेत आला. विशेष म्हणजे ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने ही कल्पना दहा वर्षे आधीच मांडली होती व तेव्हा ती हसण्यावारी नेली गेली होती. यूरोपीय समुदायाने १९९१ मध्ये प्रवेश नाकारल्याबद्दल निश्चित रकमा ठरवून दिल्या.

यूरोपीय संघाचा नियम : ११ फेब्रुवारी २००४ रोजी संमत झालेला व १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू असलेला यूरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा विनियम हा या विषयातील सर्वांत प्रभावी कायदा होय. भरपाईची रक्कम तिकिटाच्या किमतीवर नव्हे, तर अंतरावर ठरते : १,५०० किमी. पर्यंत २५० यूरो. संघांतर्गत त्याहून लांबच्या आणि इतर १,५०० ते ३,५०० किमी. च्या उड्डाणांस ४०० यूरो. त्यापुढे ६०० यूरो. पर्यायी उड्डाणाने फारसा उशीर न होता पोहोचविल्यास ही रक्कम निम्मी करता येते. रद्दीकरणाची सूचना किमान दोन आठवडे आधी दिलेली असल्यास भरपाई द्यावी लागत नाही. संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणास हा नियम लागू होतो, कंपनी कोणत्याही देशाची असो. बाहेरून संघात येणाऱ्या उड्डाणास मात्र कंपनी संघातील असेल तरच. त्यामुळे फ्रँकफुर्टहून मुंबईस येणाऱ्या प्रवाशाला भारतीय कंपनीकडूनही ६०० यूरो मागता येतात, पण त्याच कंपनीच्या मुंबई–फ्रँकफुर्ट उड्डाणाबद्दल मागता येत नाहीत. संघातून बाहेर पडल्यानंतर ब्रिटनने हाच नियम पौंडांतील रकमांसह आपल्या कायद्यात कायम ठेवला.

मूळ विनियमात रोख भरपाई रद्दीकरणाबद्दल होती. विलंबाबद्दल केवळ देखभाल व पाच तासांनंतर परतावा एवढीच तरतूद होती. यातून एक पळवाट निघाली. एका जर्मन कंपनीचे टोराँटोहून फ्रँकफुर्टला जाणारे विमान २००५ च्या जुलैमध्ये सुमारे २५ तास उशिरा पोहोचले. प्रवाशांना सामान परत देऊन रात्री हॉटेलात पाठविले होते व दुसऱ्या दिवशी त्यांना नव्याने आसने दिली होती. तरीही उड्डाणाचा क्रमांक तोच असल्याने हा केवळ विलंब होय, असे कंपनीचे म्हणणे होते. १९ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात यूरोपीय न्यायालयाने हे उड्डाण रद्द झाले असे मानले नाही. मात्र तीन तास वा अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशाचे नुकसान रद्द उड्डाणाच्या प्रवाशासारखेच असल्याने त्यालाही भरपाई मिळाली पाहिजे, असे ठरविले. विनियमाच्या शब्दांत नसलेला हक्क न्यायालयाने निर्माण केला, ही कंपन्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. परंतु २०१२ मध्ये न्यायालयाने तोच निर्णय पुन्हा उचलून धरला.

तीन तास कोठपर्यंत मोजावयाचे, हाही प्रश्न पुढे आला. झाल्ट्सबुर्ग–कोलोन मार्गावरील एका विमानाची चाके धावपट्टीला टेकली, तेव्हा २ तास ५८ मिनिटांचा विलंब झाला होता; विमान थांब्यावर उभे राहिले, तेव्हा ३ तास ३ मिनिटांचा. विमानाचा निदान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते, तो पोहोचण्याचा क्षण होय, असे ४ सप्टेंबर २०१४ रोजी ठरले. बंदिस्त विमानात प्रवासी आपल्या वेळेचा धनी नसतो, हे त्यामागील तत्त्व.

टाळता न येण्याजोग्या ‘असाधारण परिस्थिती’चा बचाव कंपनीला उपलब्ध असतो आणि बहुतेक वाद याच शब्दांभोवती फिरतात. व्हिएन्नाहून निघणारे एक उड्डाण नियोजित वेळेच्या पाच मिनिटे आधी रद्द झाल्याचे प्रवाशांना कळविण्यात आले. एंजिनातील दोष कंपनीला आदल्या रात्रीच कळला होता. यंत्रातील बिघाड हा विमान चालविण्याच्या नित्य व्यवसायाचाच भाग असल्याने तो सामान्यतः असाधारण ठरत नाही, असे डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले. पक्ष्याची धडक असाधारण मानली गेली (२०१७). कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकांनी कायदेशीरपणे केलेला संप तसा मानला गेला नाही (२०२१). आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने २०१० च्या एप्रिलमध्ये यूरोपचे आकाश बंद पडले, तेव्हाही भरपाई नाही, पण देखभाल कितीही दिवस करावी लागेल, असा निर्णय २०१३ मध्ये झाला. असाधारण परिस्थिती सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हे येथे महत्त्वाचे आहे.

भारतातील नियम : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१० मध्ये या विषयावरील नियम प्रथम जारी केले, भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढविण्यात आल्या. रद्दीकरणाची सूचना वेळेत न मिळालेल्या प्रवाशाला, त्याला मान्य असे पर्यायी उड्डाण द्यावे लागते किंवा पूर्ण परताव्याशिवाय भरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० व त्याहून लांबच्या उड्डाणास १०,००० रुपये किंवा एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. मुंबई–नागपूर प्रवासाचे मूळ भाडे व इंधन आकार मिळून ३,२०० रुपये असतील, तर भरपाईही ३,२०० रुपयेच. स्वस्त तिकीटवाल्याचा वेळही स्वस्त, असा याचा अर्थ होतो. आपला संपर्क क्रमांक न देणाऱ्या प्रवाशाला भरपाई मागता येत नाही. मध्यस्थामार्फत तिकीट काढताना तेथे स्वतःचाच क्रमांक नोंदविला गेला आहे, हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते. प्रवेश नाकारल्यास व एका तासाच्या आत निघणारे पर्यायी उड्डाण न दिल्यास, ते चोवीस तासांच्या आत दिल्यास भाड्याच्या दुप्पट (कमाल १०,००० रु.) व त्यानंतर दिल्यास चौपट (कमाल २०,००० रु.) रक्कम देय असते.

विलंबाबाबत मात्र भारतीय नियम यूरोपीय विनियमाच्या २००९ पूर्वीच्या अवस्थेत आहेत. उड्डाणाच्या कालावधीनुसार दोन ते चार तासांच्या विलंबानंतर खाद्यपेये. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब अपेक्षित असल्यास पर्यायी उड्डाण वा परतावा. चोवीस तासांहून अधिक, अथवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतील उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब झाल्यास विनामूल्य निवास, एवढेच प्रवाशाला मिळते. रोख भरपाई नाही. परिणामी रद्द करण्याजोगे उड्डाण तासातासाने पुढे ढकलीत राहणे कंपनीला परवडते आणि घरी परतावे की थांबावे, हे प्रवाशाला ठरविता येत नाही. नियमांतील ही सर्वांत मोठी उणीव होय.

दिल्लीतील धुक्यामुळे २००७ च्या डिसेंबरमध्ये हैदराबादला जाणारा एक प्रवासी सुमारे अकरा तास विमानातच बसून होता. धुक्याच्या विलंबाबद्दल भरपाई देता येत नाही. परंतु विमानात अडकलेल्यांच्या अन्नपाण्याची व किमान सोयींची जबाबदारी स्वस्त दराच्या कंपन्यांनाही टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांशी वेळापत्रक जुळविता न आल्याने इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. हे कारण हवामानाचे नव्हते. नियमानुसार देय रकमेखेरीज सर्वाधिक त्रास झालेल्यांना दहा हजार रुपयांची प्रवास-कूपने देण्याचे कंपनीने त्या वेळी जाहीर केले.

मागणीची पद्धत : प्रथम कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते. तीत आरक्षण क्रमांक, उड्डाण क्रमांक, दिनांक, नियोजित व प्रत्यक्ष वेळ आणि कोणत्या नियमान्वये किती रक्कम मागितली आहे, यांचा उल्लेख असावा. बोर्डिंग पास, कंपनीकडून आलेले सर्व संदेश व खर्चाच्या पावत्या जपून ठेवणे इष्ट. विलंबाचे कारण विमानतळावरच लेखी मागून घेतल्यास पुढे ते बदलले जाण्यास आळा बसतो. रोख रकमेऐवजी प्रवास-कूपन स्वीकारण्याचे बंधन प्रवाशावर नसते. त्यासाठी त्याची संमती लागते. टक्केवारी घेऊन यूरोपीय भरपाई मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. तथापि कंपनीकडे थेट अर्ज करण्यास शुल्क पडत नाही.

कंपनीने दाद न दिल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ यंत्रणेकडे व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली असल्याने कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले, तरी साताऱ्याच्या रहिवाशाला दिल्ली गाठावी लागत नाही. ही तक्रारही दोन वर्षांच्या आत करावी लागते. यूरोपीय विनियमाखालील मागणीची मुदत मात्र त्या त्या देशाच्या कायद्यानुसार वेगवेगळी असते.