वजन, वशिला आणि ‘इन्फ्लुअन्स’

दिल्लीत काम अडले की पहिला प्रश्न येतो, ‘कोई सोर्स है क्या?’ हा सोर्स म्हणजे आपला वशिला. चार बुके शिकलेला माणूस त्यालाच ‘इन्फ्लुअन्स’ म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिन. अर्थ ‘आत वाहत येणे’. ग्रहताऱ्यांपासून काहीतरी वाहत येते आणि माणसाचे नशीब घडवते, अशी युरोपात जुनी समजूत होती. साथीचा तापही त्यातलाच मानून इटलीत त्याला ‘इन्फ्लुएन्झा’ नाव पडले. आपला फ्लू तो हाच!

मराठीने मात्र या एका शब्दाच्या वाटण्या केल्या. गुणांचा पडतो तो प्रभाव, वागण्याची पडते ती छाप, पदामुळे येते ते वजन आणि दुसऱ्याचे वजन उसने घ्यायचे तो वशिला. म्हणूनच प्रभावी माणसाला मान मिळतो, वशिल्याच्या तट्टूला टोमणे.

कायदाही हा फरक ओळखतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १६ नुसार, वरचढ स्थितीचा फायदा घेऊन दुसऱ्याकडून गैरवाजवी लाभ मिळवणे म्हणजे ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’. असा करार पीडित व्यक्तीला रद्द करून घेता येतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील २० वा नियम तर नोकरीतल्या कामासाठी वरिष्ठांवर राजकीय वजन आणायलाच मनाई करतो.

पण कधी कधी वशिला नियमातच बसवलेला असतो. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदाराला वर्षाला १० मुलांची शिफारस करता येत असे. हे प्रवेश वर्गाच्या ठरलेल्या संख्येवर जादा होत. म्हणजे गर्दी सगळ्यांनी सोसायची. खासदारही सुखी नव्हते. शिफारशी दहा, मागणारे शेकडो! दहांचे काम झाले तरी बाकीचे नाराज. हा कोटा वाढवा, नाहीतर बंद करा, अशी मागणी मार्च २०२२ मध्ये लोकसभेतच झाली आणि एप्रिलमध्ये तो बंद झाला.

ज्या आईबापांची कुणा खासदाराशी ओळख नव्हती, त्यांच्या मुलांसाठी हे दार आधीही बंदच होते. त्यांना कुणाचा प्रभाव नको होता. रांगेतला आपला नंबर तेवढा हवा होता.