'आज' आणि काशीचे मराठी संपादक

काशीतील मराठी वस्ती म्हटली की मराठी वाचकाला पंचगंगेचा घाट, ब्रह्मघाट, वेदशास्त्रसंपन्न घराणी आणि पेशव्यांचा दानधर्म एवढेच आठवते. एकनाथांनी भागवत तेथे पुरे केले, हेही त्याला ठाऊक असते. परंतु याच वस्तीने हिंदी गद्याला संपादक पुरविले, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते. १८४५ साली राजा शिवप्रसाद यांच्या आश्रयाने निघालेल्या 'बनारस अखबार'चे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते होते. त्या पत्राची लिपी नागरी होती. भाषा मात्र अरबी-फारसी शब्दांनी इतकी भारावलेली, की नुसती नागरी जाणणाऱ्यास तिचा अर्थ लागणे कठीण. वृत्तपत्राची हिंदी कोणती असावी, हा प्रश्न तेव्हापासून काशीत उभा होता.

त्याला टिकाऊ उत्तर मिळाले ते 'आज' या दैनिकात. ५ सप्टेंबर १९२० रोजी ज्ञानमंडळाने ते सुरू केले. ज्ञानमंडळ हे शिवप्रसाद गुप्त या धनाढ्य देशभक्ताने उभारलेले मुद्रणालय व प्रकाशनगृह. काशी विद्यापीठ आणि भारतमाता मंदिर हीही त्यांचीच कार्ये. 'मर्यादा' हे अलाहाबादचे मासिक ज्ञानमंडळाने काशीस आणले व काही काळ प्रेमचंदांनी ते सांभाळले. पुढे 'बृहत् हिंदी कोश'ही याच संस्थेने छापला. दैनिक, मासिक आणि कोश एकाच छत्राखाली असणे ही 'आज'च्या भाषेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

'आज'चे पहिले संपादक श्रीप्रकाश. पण त्याला रूप दिले बाबूराव विष्णु पराडकर यांनी. त्यांचा जन्म काशीचा, १८८३ चा. कलकत्त्यास 'हिंदी बंगवासी', 'हितवार्ता' आणि 'भारतमित्र' या पत्रांत त्यांनी उमेदवारी केली, आणि १९१६ ते १९२० ही वर्षे सरकारच्या कैदेत काढली. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर हे बंगालीत लिहिणारे मराठी लेखक. त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ पराडकरांनी हिंदीत आणला. घरी मराठी, कलकत्त्यात बंगाली, लेखणीत हिंदी, आणि बातमीच्या तारा इंग्रजी! अशा माणसाला रोज रात्री, अंक छापखान्यात जाण्यापूर्वी, शब्द घडवावा लागे. पंडितांच्या परिभाषासमितीला मिळते तसली सवड त्याला नव्हती. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' हे शब्द आणि नावापूर्वीचे 'श्री' रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मराठीने 'मुद्रास्फीति' घेतला नाही. ती 'चलनवाढ' म्हणून मोकळी झाली. आपला शब्द अधिक सुटसुटीत आहे, हे खरे. पण हिंदीला अनेक प्रांतांत समजेल असा शब्द हवा होता, आणि तो संस्कृतातूनच मिळण्याजोगा होता.

पराडकरांचे मोठेपण केवळ शब्दांत नाही. १९२५ साली वृंदावन येथील संपादक संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी बजावले, की पुढे पत्रे देखणी व समृद्ध होतील, परंतु ती भांडवलवाल्यांची होतील आणि संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही. हे बोलणारा गृहस्थ स्वतः एका श्रीमंताच्या पत्रात होता, ही विसंगती टीकाकाराने नजरेआड करू नये. पण मालक ध्येयासाठी पैसा घालतो की पैशासाठी पत्र काढतो, यातील अंतर पराडकरांना अनुभवाने कळलेले असावे. १९३० मध्ये मुद्रणविषयक वटहुकमामुळे 'आज' बंद ठेवावे लागले, तेव्हा काशीत 'रणभेरी' हे गुप्त पत्र हातोहाती फिरू लागले. त्यातही पराडकरांचा हात होता. १९४३ मध्ये त्यांनी 'आज' सोडून 'संसार' हाती घेतले, १९४७ मध्ये ते परत आले आणि १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले.

त्यांच्यानंतर 'आज'चे संपादकपद रा. र. खाडिलकर या मराठी गृहस्थाकडे गेले. काशीचेच लक्ष्मण नारायण गर्दे यांनी 'भारतमित्र'चे संपादन केले आणि ल. रा. पांगारकरांचे तुकारामचरित्र हिंदीत उतरविले. गोरखपूरच्या गीता प्रेसने ते छापले, आणि तुकोबांची ओळख कित्येक हिंदी घरांना त्याच पुस्तकातून झाली.