ढगांच्या पोटात (९) : पाटी आणि फूटपट्टी

आयडाहोच्या रडारवर उमटलेल्या नागमोडी रेघांचं आज सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. मध्येच सिडकोतल्या एका वाचकांची चिठ्ठी आली : नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात तुम्ही हे बर्फपुराण कशाला लावलंय? आमचा बर्फाशी संबंध गोळ्याच्या गाडीपुरता!

टोमणा आवडला. पण महाशय, पावसाळ्यात चिकलठाण्यावरही बर्फ पडतो. मोठी सर येऊन गेली, जोर ओसरला आणि तासभर रिपरिप लागली, की त्या पाण्यातलं बरंचसं वर हिमकण म्हणूनच निघालेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्यावर येतं. त्याच्या वर हिम, खाली पाणी. हिमकण सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगाने तरंगत उतरतो. शून्याच्या रेषेखाली आला की आधी त्याची कड ओली होते, पाण्याचं पातळ अस्तर चढतं. अशा ओल्या, फुगीर कणाला रडार मोठा थेंब समजतं आणि पडद्यावर आडवा उजळ पट्टा दिसतो. पूर्ण वितळला की त्याचा आकार आक्रसतो, वेग पाच-सहा पटीने वाढतो, थेंब विरळ होतात आणि पट्ट्याखालचं चित्र पुन्हा फिकं पडतं. जमिनीवर आपण छत्री उघडतो तोवर बर्फाचा मागमूस राहिलेला नसतो.

आणि हाच तर कृत्रिम पावसाच्या संशोधकांचा वांधा आहे. ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडलं, त्याने हिमकण वाढले की नाही, हे आपल्याकडे खाली उभं राहून कळणार कसं? त्यात आपले ढग अर्ध्या तासात उभे राहतात आणि मोडतात. म्हणून २०१७च्या जानेवारीत अमेरिकी मंडळी आयडाहोच्या डोंगरांत जाऊन बसली. तिथे हिवाळी ढग तासन् तास डोंगराला चिकटून असतो आणि हिम न वितळता जमिनीवर येतं.

७ जानेवारी ते १७ मार्च अशी ती मोहीम. अशा मोहिमेचं बाहेरून दिसणारं रूप म्हणजे विमान. आत राहणाऱ्याला विचाराल तर बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. सकाळी हवामानाची बैठक, ढगात न गोठलेलं थंड पाणी आहे की नाही यावर वाद, दुपारी 'आज नाही'. मग नेमका मध्यरात्री ढग जमतो. डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवलेल्या रडारच्या ट्रकमध्ये पाळीवरची पोरं जागी असतात. फुगा सोडणारा वाऱ्याकडे पाठ करून दोरी धरून उभा राहतो, कारण हातमोजे घालून गाठ बसत नाही आणि ते काढले की बोटं बधिर होतात.

माझा जीव मात्र पाटीत अडकलेला आहे. हिम मोजायची पाटी म्हणजे पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा. पांढरा यासाठी, की उन्हाने तापून वरचं हिम वितळू नये. ठरलेल्या वेळी जायचं, फूटपट्टी उभी टेकवायची, आकडा लिहायचा, पाटी पुसायची आणि ताज्या थराच्या पातळीला पुन्हा ठेवायची. पोरखेळ वाटतो ना? न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू गावी जानेवारी १९९७मध्ये २४ तासांत ७७ इंच हिम पडल्याची नोंद झाली. देशाचा विक्रम! चौकशी बसली आणि तो नामंजूर झाला. मोजणाऱ्याने लबाडी केली नव्हती. २४ तासांत चारऐवजी सहा वेळा पाटी पुसली होती, इतकंच. पडलेलं हिम स्वतःच्या भाराने बसतं. जितक्या वेळा पुसाल तितकं ते बसायच्या आधी मोजलं जातं आणि बेरीज फुगते. विक्रम कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकच्या १९२१च्या जवळपास ७६ इंचांकडेच राहिला.

पाटीऐवजी मापकाच्या डब्याने मोजावं तर वारा आडवा येतो. जोराच्या वाऱ्यात हिम तोंडावरून उडून जातं आणि निम्म्याहून जास्त हिशेबातून निसटू शकतं. म्हणून त्याच्याभोवती लाकडी फळ्यांची दोन कुंपणं घालतात, बाहेरचं तब्बल १२ मीटर व्यासाचं. एवढा खटाटोप एका डब्यासाठी.

आता घरची गोष्ट. २०१५ आणि २०१९मध्ये आपल्या विभागीय आयुक्तालयात रडार बसलं, कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली आणि सगळं शहर मान वर करून बघत होतं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की आपण विमानाची चर्चा नको तितकी केली आणि मोजणीची नको तितकी कमी. फवारलेल्या ढगातून पाऊस पडला, हे सिद्ध करणं सोपं. तो एरवी पडलाच नसता, हे सांगायला शेजारी न फवारलेला ढग लागतो, आणि कोणता ढग फवारायचा हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बारामतीकडे नेमकं हेच केलं होतं. १९७३ ते १९८६च्या दरम्यान अकरा पावसाळे, उत्तर आणि दक्षिण असे दोन पट्टे, मध्ये मोकळी जागा. आज फवारणीचं मीठ कुठल्या पट्ट्यावर टाकायचं ते नशिबावर. निष्कर्ष : २४ टक्के वाढ. त्याच संस्थेने पुढे सोलापूरच्या ढगांवर २०१८-१९मध्ये तोच धडा नव्या उपकरणांनी गिरवला, जमिनीवर पर्जन्यमापकांचं जाळं पसरून. तिथली सरासरी वाढ निघाली सुमारे १८ टक्के, तीही वाऱ्याच्या दिशेने पुढच्या शंभर चौरस किलोमीटरपुरती. वर्तमानपत्रात 'दुष्काळ संपला' असं छापण्याजोगा हा आकडा नव्हे, पण त्यावर विश्वास ठेवता येतो.

सिडकोच्या वाचकांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आणखी एक विचारलंय : विमान फिरलं की पाऊस पळतो, असं आमच्या गावाकडे म्हणतात, ते खरं का? याचं उत्तर त्या नागमोडी रेघांतच आहे, म्हणून दोन्ही पुढच्या रविवारी एकत्र घेऊ.