पाण्यातील औषध आणि लोहाचे कण

पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात कोडोली हे गाव आहे. गावात कोणी आजारी पडले की डॉक्टर कधी कधी प्रतिजैविक औषध देतात. गोठ्यातील म्हशीला दगडी झाली तर तिलाही असेच औषध टोचतात. रोग बरा होतो. परंतु शरीरात गेलेले सर्वच औषध तेथे खर्ची पडत नाही. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा बराच भाग जसाच्या तसा मलमूत्रावाटे बाहेर पडतो व सांडपाण्यात मिसळतो. खोऱ्यातील पाण्याची वाट वारणेकडे आणि वारणेची हरिपूरजवळ कृष्णेकडे.

एवढ्याशा औषधाने काय बिघडणार? जंतूंचा नायनाट करण्यास ते अपुरे असते, हे खरे. पण धोका तेथेच आहे. अल्प औषधात दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू तगतात आणि वाढतात. पुढे त्यांच्यावर औषधाची मात्रा चालेनाशी होते. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच अपुऱ्या मात्रेविषयी इशारा दिला होता.

हे औषध पाण्यात विरघळलेले असल्यामुळे साध्या गाळणीत अडकत नाही. तेथे अधिशोषण उपयोगी पडते. स्पंज पाणी पोटात घेतो, ते शोषण. गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ बसते ते मात्र वरच्या वर; अधिशोषण काहीसे असेच. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितके औषध अधिक चिकटते. चिंचोक्याएवढा, १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्यावा. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे ८ घन केले की तोच १२ होतो. असे करीत बाजू १० नॅनोमीटरवर आणली, तर पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे असे कण प्रयोगशाळांत वापरून पाहिले जातात. टेट्रासायक्लिनला लोहाची मोठी ओढ; म्हणूनच ते औषध आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, असे सांगतात. कण सांडपाण्यात ढवळले की औषध त्यांना चिकटते. मग भांड्याला बाहेरून चुंबक लावताच काळे कण एका बाजूस गोळा होतात व पाणी निराळे काढता येते. कण धुऊन पुन्हा वापरता येतात. मात्र वारंवार वापरल्यावर त्यांची पकड सैल होत जाते.

हा उपाय अजून गावोगावी पोचलेला नाही. सांडपाण्यातील इतर पदार्थही कणांवर जागा अडवतात. कण निसटून नदीत जाणार नाहीत, हेही पाहावे लागते. शिवाय कण धुतलेले पाणी पुन्हा गटारात सोडले, तर सारा खटाटोप व्यर्थच. त्यातील औषध निराळे नष्ट करावे लागते.