पडवीतली भट्टी आणि घरभर डोकेदुखी

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक आजीबाई सुनेला आणि पाच वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. तिघांची तक्रार एकच. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. "डॉक्टरसाहेब, कुणीतरी आतून घण घालतंय असं दुखतंय बगा," आजी म्हणाल्या. ताप कोणालाच नव्हता. पावसाळी पाणी बाधले असेल, असा नेहमीचा अंदाज करून मी औषध दिले. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचे यंत्रही लावून पाहिले. आकडा ९८ आला आणि मी निश्चिंत झालो. चार दिवसांनी तिघेही पुन्हा हजर!

या खेपेला आजी सहज बोलून गेल्या, "हितं येईस्तोवर उतरतंय. घरी गेलं की पुन्ना तेच." हे मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवे होते. मग खोलात जाऊन चौकशी केली. मुलाने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून ऊसतोडीचे कोयते बनवायला घरीच भट्टी थाटली होती. उन्हाळाभर ती अंगणात होती. पाऊस लागला तशी पडवीत आली आणि झड आत येऊ नये म्हणून पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली गेली. पडवीचे दार थेट स्वयंपाकघरात उघडत होते. मुलाचेही डोके दुखत होते, पण भट्टीपुढची उष्णता म्हणून त्याने ते अंगावर काढले.

कोळसा पुरेशा हवेवाचून जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दगडी कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, म्हणून माणूस निदान बाहेर तरी पळतो. हा वायू तसा इशाराही देत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. अशा रक्ताचा रंगही लालच राहतो, त्यामुळे बोटाचे साधे यंत्र फसते. माझा ९८ चा आकडा तसाच फसवा होता. खरे कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते.

भाता जोरात चालू असताना त्यातला बराच वायू ज्वाळेत जळून जातो. धोका वाढतो तो काम संपल्यावर. निखाऱ्यांवर ओला कोळसा लोटून भट्टी दडपून ठेवली की ती रात्रभर धुमसते. त्याच पडवीत कोणी बाज टाकून निजले तर काय होईल, हे सांगायला नको. लोणारी कोळसा धूर कमी करतो म्हणून तो निर्धोक, असेही पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. हा वायू त्यातूनही निघतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर तो आईपेक्षाही अधिक बाधतो.

रस्त्याकडेला पाल ठोकून उघड्यावर काम करणाऱ्या घिसाडी कुटुंबांत हा प्रकार मला कधी आढळला नाही. त्यांच्या वाट्याला हाल पुष्कळ आहेत, पण डोक्यावर आभाळ मोकळे असते. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकामही आहे. त्यामुळे घरी भट्टी घालू पाहणारे तरुण अधूनमधून भेटतात. त्यांना मी सांगतो, ऐरण आणि ब्लोअर घेण्याआधी जागा ठरवा. शेड राहत्या घरापासून सुटी असावी, निदान दोन बाजूंनी उघडी असावी. भिंती घालायच्याच असतील तर भट्टीवर पत्र्याचे तोंड बसवून किमान १० इंच व्यासाचे धुराडे आढ्याच्या वर काढा. चार इंची नळकांड्याने भागत नाही. छताचा पंखा तोच वायू शेडभर फिरवतो, बाहेर घालवत नाही.

विस्तवाशेजारचा पत्रा काळा घ्यावा, जस्ती नको. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तर भट्टीत घालूच नये. भट्टीच्या आचेत जस्ताची वाफ होते. ती हुंगल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो आणि तोंडाला धातूची चव येते. साधारण एक-दोन दिवसांत ताप उतरतो, पण तोवर हिवतापाची औषधे सुरू झालेली असतात. तेव्हा डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगा. दोन्ही तोंडे बंद असलेली नळीही तापवू नका, ती फुटते. अंगात सुती कपडे हवेत. टेरिलिन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद लावून आलेली जखम आधी खरवडून साफ करावी लागते आणि त्यात रोग्याचे विनाकारण हाल होतात.

बंद जागेत भट्टीपाशी कोणी भोवळ येऊन पडले तर आधी त्याला उघड्यावर ओढून आणा. कांदा हुंगवण्यात, पाणी पाजण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तासात तेवढे काम होते.

त्या आजी, सून आणि नातू त्याच दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात ऑक्सिजन घेऊन बरे झाले. आठवड्याभरात परसाच्या टोकाला शेड उभी राहिली. चार खांब, वर पत्रा, भिंत एकच. खर्चावरून घरात कुरबूर झाली, ती आजींनीच मिटवली. गेल्या पावसाळ्यात त्या घरातून डोकेदुखी घेऊन कोणी आले नाही. मुलगा तेवढा एकदा आला, कानांत सारखे वाजते म्हणून. त्याला कानात घालायचे बोळे दिले आणि ऐरणीला साखळी गुंडाळायला सांगितले, म्हणजे तिचा खणखणाट कमी होतो. जाताना त्याने माझ्या बागेसाठी एक विळा ठेवला. पैसे घेईना.