टोमणा ऐकल्यावर काय करायचं?

न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ (‘डॉट’ म्हणजे कुंकू-टिकली) नावाच्या टोळीने भारतीयांना धमकावणारं पत्र वर्तमानपत्राकडे धाडलं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. रोजचा अनुभव इतका भीषण नसतो. दुकानाच्या रांगेत कुणी ‘आपल्या देशात परत जा’ म्हणतं, इतकंच.

नुसतं तेवढं बोलणं अमेरिकेत गुन्हा नाही. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती अशा बोलण्यालाही सहसा संरक्षण देते. धमकी, मारहाण, तोडफोड झाली की मात्र ९११ फिरवावा. अनोळखी माणसाशी हुज्जत घालण्यात शौर्य नाही. आधी बाजूला व्हावं, मग वेळ, जागा, नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ‘स्टॉप एएपीआय हेट’ ही आशियाई वंशाच्या लोकांविरुद्धच्या द्वेषाची दखल घेणारी संघटना गुन्हा न ठरणाऱ्या प्रसंगांचीही नोंद घेते.

ऑफिसचं गणित वेगळं. नोकरीत भेदभावाला बंदी घालणारं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण किमान १५ कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. तक्रार ‘ईईओसी’ या समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत करावी लागते, बऱ्याच राज्यांत ३०० दिवस मिळतात. इंग्रजीच्या उच्चारामुळे कामात खरोखर अडथळा येत नसेल, तर त्यावरून बढती नाकारता येत नाही. एच-१बी व्हिसावाल्यांनाही हे संरक्षण आहे. तरी गप्प बसतात तीच मंडळी! (व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो ना.)

दुसऱ्या कुणावर असा प्रसंग आला, तर बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष करून त्या व्यक्तीशीच गप्पा सुरू कराव्यात. ‘पुढची बस कधी?’ एवढंही चालतं.