१५१८ सालचा माणूस बोलतो कसा?

व्हिडिओ गेममध्ये जुन्या काळातल्या पात्राला बोलतं करताना पहिला मोह होतो तो जडजंबाल भाषेचा. पण अस्सल जुनी भाषा वापरली, तर खेळणाऱ्याला काहीच कळत नाही. २०१६च्या ‘फार क्राय प्रायमल’ने तेही धाडस केलं. अश्मयुगीन पात्रांसाठी भाषातज्ज्ञांकडून भाषाच घडवून घेतली आणि अर्थासाठी खाली उपशीर्षकं दिली. हे सगळ्यांना परवडणारं नव्हे.

२०२२मध्ये आलेल्या ‘पेंटिमेंट’ची वाट मला जास्त हुशारीची वाटते. खेळ सुरू होतो १५१८मध्ये, बव्हेरियातल्या एका काल्पनिक गावात. संवाद ऐकू येत नाहीत. ते पडद्यावर लिहिले जातात. शेतकऱ्याचं बोलणं साध्या, ओबडधोबड अक्षरांत, मठवासीयांचं पोथीच्या वळणात, तर मुद्रकाचं चक्क खिळे जुळवून छापल्यासारखं. नायक आंद्रेआसला एखादा माणूस शिकलेला आहे असं कळलं, की त्याच्या अक्षरांचं वळणही बदलतं! देवाचं नाव आधी कोरं राहतं, मग लाल शाईने भरलं जातं. अवघड संज्ञांचा अर्थ पोथीच्या समासात सापडतो. वाक्यं मात्र आजच्या वाचकाला सहज कळतील अशी.

खरी परीक्षा शब्दांपेक्षा डोक्यातल्या जगाची असते. त्या काळचा शेतकरी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणार नाही. तो चर्चच्या घंटेवर किंवा उन्हावर वेळ सांगेल. आजारामागे त्याला जंतू दिसणार नाहीत, पाप दिसेल. आणि मठाधिपतीसमोर तो मनातलं सगळं बोलून टाकणार नाही.